ओझरच्या मिगची पेटी उघडण्याआधी

ताई, तुमचा प्रश्न दोनदा वाचला. वडील ओझरच्या मिग विमानांच्या कारखान्यात होते. १९८८ च्या सुमारास त्यांनी आणलेला १:७२ प्रमाणाचा मिग-२१ विमानाचा प्लास्टिक मॉडेल किट माळ्यावर सापडला, कॉकपिट आणि वैमानिक त्यांनी रंगवून ठेवलाय, बाकीचे भाग तसेच आहेत. लहानपणी त्यांच्याबरोबर तीन-चार किट जोडले होते, त्यानंतर तीस वर्षांहून जास्त काळ काहीच नाही. आता काय आणायचं, खर्च किती येईल आणि सुरुवात याच किटने करू का, असं तुम्ही विचारलंय.

शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देतो. सुरुवात याने करू नका. तो जरूर जोडा, पण तिसरा किंवा चौथा म्हणून.

हे मी अनुभवावरून सांगतोय. मी २००४ मध्ये या छंदाकडे परत आलो तेव्हा कपाटात मामांनी लंडनहून आणलेलं सी हॉक होतं. जुन्या विक्रांतवरून उडायचं ते. पंचवीस वर्षं जपलेला किट, म्हणून सगळ्यात आधी तोच उघडला. तीन संध्याकाळी छान गेल्या. चौथ्या दिवशी कॉकपिटवरची काच झटपट चिकटणाऱ्या गोंदाने बसवली आणि सकाळी बघतो तर काच आतून पांढरी. त्या गोंदाची वाफ बंद जागेत पारदर्शक प्लास्टिकवर बसते, हे मला माहीतच नव्हतं. काच काढताना तडकली आणि त्या किटचे सुटे भाग आता कुठेच मिळत नाहीत. हीच चूक दुकानातून आणलेल्या साध्या किटवर झाली असती तर चार दिवसांत विसरलो असतो.

लहानपणी शिकलेलं हातात राहतं, पण अर्धवट राहतं. भाग कसा धरायचा ते आठवतं, किती दाबायचा ते आठवत नाही. शिवाय डोळे बदललेले असतात. चाळिशीनंतर १:७२ चं काम नुसत्या डोळ्यांनी होत नाही, म्हणून सर्वांत पहिली खरेदी चांगल्या दिव्याची आणि डोक्याला लावायच्या भिंगाची करा. १:७२ म्हणजे सहा फुटी माणूस एक इंच. मिगच्या पंखांचा पसारा खऱ्या विमानात ७.१५ मीटर, तुमच्या टेबलावर दहा सेंटिमीटरपेक्षाही थोडा कमी. त्यात वडिलांनी रंगवलेला वैमानिक म्हणजे करंगळीच्या पेराएवढाच.

आणि मिग-२१ हे विमान दिसतं सोपं, जोडायला सोपं नाही. त्याचं धड म्हणजे एक लांब नळी. ती डाव्या-उजव्या दोन अर्ध्या भागांची येते, म्हणजे जोड थेट पाठीवरून आणि पोटावरून जातो, सगळ्यांना दिसेल असा. नाकातला शंकू बहुतेक जुन्या किटमध्ये धड बंद करण्याआधीच आत बसवावा लागतो, तो नंतर हलला तर काही करता येत नाही. त्या काळच्या अनेक किटवर पत्र्यांचे सांधे उठावदार रेघांनी दाखवलेले असतात. जोड घासला की रेघा पुसल्या जातात आणि पुन्हा कोराव्या लागतात. भर म्हणजे भारतीय हवाई दलाची सुरुवातीची एफएल प्रकारची मिग-२१ विमानं उघड्या धातूच्या रंगात होती. चंदेरी रंग कसलीच दया दाखवत नाही. छद्मरंगाखाली (कॅमफ्लाजखाली) लपून जाईल असा ओरखडा चंदेरीखाली दुप्पट दिसतो. १९७१ च्या युद्धात काही विमानांवर घाईने हिरवे-तपकिरी रंग चढवले गेले होते. तुम्हाला तसं रूप आवडलं तर काम निम्म्याने सोपं होईल, हे लक्षात ठेवा.

मग पहिला किट कुठला? एअरफिक्स कंपनीचं १:७२ मधलं छोटं स्पिटफायर विमान, अलीकडच्या नव्या साच्यातलं. भाग कमी, बसतात बरे, आणि गोंद, ब्रश, रंगाच्या डब्या पेटीतच असलेला स्टार्टर संचही मिळतो. दुसरा म्हणून त्यांचंच नॅट घ्या. ते आपल्याकडच्या एका आसनी लढाऊ नॅटचं नाही, दोन आसनी प्रशिक्षण विमानाचं आहे हे माहीत असू द्या. पण ते मिगसारखंच नाकाखालच्या चाकासह तीन चाकांवर उभं राहणारं जेट आहे, म्हणून सराव नेमका होतो. थोडे जास्त पैसे घालायची तयारी असेल तर तामियाचा कुठलाही अलीकडचा किट घ्या. जपानमधल्या शिझुओकाची ही कंपनी, आणि तिचे भाग इतके नेमके बसतात की चूक झाली तर ती आपलीच, हे लगेच कळतं. शिकताना त्याचा फार उपयोग होतो. झेक कंपनी एडुआर्डचे मिग-२१ सुंदर आहेत, पण बारीकसारीक भाग फार. ते नंतर. घरात लहान मूल असेल तर त्याच्या हातात बांदाईचा गुंडाम रोबो द्या. गोंद लागत नाही, भाग एकमेकांत टक्कन बसतात, आणि टेबल दोघांचं होतं.

हत्यारांसाठी महागड्या पेट्या आणू नका. सर्जिकल सामानाच्या दुकानातून तीन नंबरची दांडी आणि अकरा नंबरच्या ब्लेडचा पुडका घ्या. या कामाला याहून चांगली सुरी मी अजून पाहिलेली नाही. ब्लेड मंदावलं की लगेच बदला, बोथट ब्लेडनेच हात कापतो. एक बारीक तोंडाचा साइड कटर घ्या, त्यात मात्र कंजुषी नको. टोकदार चिमटा, चांगली मास्किंग टेप, आणि हार्डवेअरच्या दुकानातला पाण्यात चालणारा पॉलिश पेपर: ४००, ८०० आणि १२०० नंबर. २००० नंबरचा गाड्यांच्या रंगाच्या दुकानात मिळतो, तो चंदेरी मिगसाठी लागेलच. कपडे वाळत घालायचे चिमटे आणि रबरबँड घरात असतातच. पहिल्या किटसकट सगळं मिळून चार-पाच हजारांत बसावं. एअरब्रश, म्हणजे हवेच्या दाबाने रंग फवारणारं यंत्र, आत्ता नको. त्याच्या साफसफाईतच संध्याकाळ जाते आणि नवा माणूस कंटाळतो.

आता गोंद. आपल्या लहानपणी ट्यूबमधला दाट गोंद असायचा, त्याच्या तारा सुटायच्या आणि बोटांचे ठसे उमटायचे. तो विसरा. आता पाण्यासारखा पातळ सिमेंट मिळतो, झाकणातच ब्रश असलेला. हा खरं तर चिकटवत नाही. पॉलिस्टायरिन प्लास्टिक विरघळवून दोन्ही कडा एकमेकींत मिसळवतो, म्हणजे एका अर्थी वेल्डिंगच. दोन भाग कोरडेच जुळवून धरायचे, ब्रशचं टोक फटीला टेकवायचं, आणि सिमेंट आपोआप फटीभर धावतो. बोट फटीवर ठेवलं असेल तर बोटाखालीही धावतो, म्हणून बोटं लांब. धडासारख्या लांब जोडाला मी दोन-तीन इंच करत पुढे जातो आणि प्रत्येक टप्प्यावर हळूच दाबतो, फटीतून विरघळलेल्या प्लास्टिकची केसाएवढी कड बाहेर येईपर्यंत. ती कड पुसायची नाही. चोवीस तास तशीच ठेवायची, मग ब्लेडच्या पाठीने खरवडायची आणि पॉलिश पेपर फिरवायचा. बऱ्याचदा पुट्टी लागतच नाही. हे चोवीस तास पाळणारे फार कमी, आणि जोड पुन्हा दिसू लागण्याचं मुख्य कारण तेच. मऊ असताना घासलेलं प्लास्टिक पुढे आठवडाभर आकसत राहतं आणि रंगाखाली खोबण तयार होते. एका वेळी दोन किट हातात ठेवले तर वाट बघणं सोपं जातं.

भाग स्प्रूपासून, म्हणजे त्या चौकटीपासून, कधीही एका फटक्यात कापू नका. आधी लांबून कापा, मग उरलेला ठोंब ब्लेडने दोन-तीन पातळ काप घेत उतरवा. जवळून कापलं की प्लास्टिक पांढरं पडतं किंवा टवका उडतो. त्याआधी सगळे स्प्रू भांडी घासायच्या साबणाने कोमट पाण्यात धुऊन वाळवा, साच्याचा तेलकटपणा राहिला तर रंग धरत नाही.

काच बसवायला साधा फेविकॉल. टूथपिकच्या टोकावर घेऊन कडेला लावा, वाळल्यावर दिसेनासा होतो, चुकला तर ओल्या फडक्याने पुसता येतो.

नाकाखाली चाक असलेल्या विमानात नाकात वजन घालायला विसरू नका, नाहीतर विमान शेपटीवर बसतं. कोळी जाळ्याला लावतात तशा शिशाच्या गोळ्या चालतात, पण त्या फेविकॉलने चिकटवू नका. शिसं आणि पांढरा गोंद यांची हळूहळू प्रक्रिया होऊन ते फुगतं आणि काही वर्षांनी जोड उकलतो. मी लोखंडी छोटे नट वापरतो.

रंगाबद्दल थोडक्यात. हाताने ब्रशने रंगवणार असाल तर व्हॅलेहोसारखे पाण्यातले ॲक्रिलिक घ्या. तामियाचे ॲक्रिलिक फवाऱ्याला उत्तम, पण ब्रशखाली पटकन वाळतात आणि दुसरा हात मारताना खालचा थर उचलला जातो. स्टेशनरीच्या दुकानातले कलाकुसरीचे रंग प्रायमरवर, म्हणजे आधी द्यायच्या अस्तरावर, चालतात, पण त्यांचा दाणा जाड असतो, या प्रमाणात तो दिसतो. पातळ करून तीन हात, चपट्या मऊ ब्रशने, आणि ओल्या जागेवर पुन्हा ब्रश नाही. गाड्यांच्या रंगाचा थिनर प्लास्टिकवर थेट लावू नका, पृष्ठभाग खातो. प्रायमर डब्यातला फवारा चालेल, पण दमट दिवशी नको. पावसाळ्यात लॅकरच्या फवाऱ्यावर पांढरी झाक येते, हवेतलं पाणी ओल्या थरावर बसतं. नाशिकला कोकणाइतका त्रास नाही, तरी श्रावणात मी फवारा मारतच नाही, तेव्हा जोडकाम करतो. खिडकी उघडी ठेवा. जोडताना पंखा बंद, कारण बारीक भाग उडतात. टेबलाच्या कडेला जुनी ओढणी टाचून दुसरं टोक मांडीवर घ्या. चिमट्यातून निसटलेला भाग तिथेच सापडेल, फरशीवर गेला तर झाडूबरोबर जाईल.

आता वडिलांच्या पेटीकडे. आजच करायची कामं सांगतो. सूचनांचा कागद आणि डिकलचा, म्हणजे पाण्यात भिजवून चिकटवायच्या चिन्हांचा, कागदी पत्रा चांगल्या रिझोल्यूशनवर स्कॅन करा. रबरी टायर असतील तर वेगळ्या पिशवीत काढा. जुन्या मऊ टायरमधलं तेल प्लास्टिकला चिकटून राहिलं की हळूहळू ते वितळवतं. पंख वाकलेले दिसले तर गरम, पण उकळतं नाही अशा पाण्यात थोडा वेळ धरून हलकेच सरळ करा आणि लगेच थंड पाण्यात बुडवा.

डिकल पिवळी पडलीत म्हणता, तर पत्रा पारदर्शक पिशवीत घालून काही दिवस उन्हाच्या खिडकीच्या काचेला लावा. पिवळेपणा बराच उतरतो. मग कोपऱ्यातलं एखादं बिनमहत्त्वाचं अक्षर कापून कोमट पाण्यात टाकून बघा. चुरा झाला तर सगळ्या पत्र्यावर पारदर्शक लॅकरचा हात मारा, वाळू द्या, आणि प्रत्येक चिन्ह कडेने नीट कापून वापरा. डिकल नेहमी चकचकीत थरावरच लावायची. खरखरीत पृष्ठभागावर खाली हवा अडकते आणि कडेला चंदेरी डाग दिसतो. बसवताना पांढऱ्या व्हिनेगरचा एक थेंब खाली असू द्या. केशरी मध्यभाग, पांढरं कडं, बाहेर हिरवं, ही आपली चक्रं डागाशिवाय बसली की विमान एकदम आपलं वाटायला लागतं.

वडिलांनी रंगवलेल्या वैमानिकाला हात लावू नका. रंग जाड वाटेल, हेल्मेटची कड सरकली असेल, तरी राहू द्या. वाटलंच तर मॅट वार्निशचा एक पातळ हात, बस. ओझरला १९६० च्या दशकापासून एफएल, मग एम, मग बिस अशी मिग-२१ तयार झाली. ज्या माणसाचे हात खऱ्या मिगला लागले होते त्याने रंगवलेला वैमानिक मिगमध्ये बसलाय, असं मॉडेल माझ्या माहितीत दुसरं नाही. १९६३ मध्ये दलात आलेलं हे विमान २६ सप्टेंबर २०२५ ला चंडीगडला निवृत्त झालं. नव्या किटची कमतरता नाही, पण तुमचा हा एकच आहे.

एक गोष्ट मात्र तुमच्याकडून हवी आहे. पेटीवर काय लिहिलंय यावर विसंबू नका, जुन्या पेट्यांवर नावं ढोबळ असायची. काचेचा भाग बघा. समोरची चौकट आणि वरची काच एकसंध असेल, म्हणजे सगळं मिळून पुढे उघडणारं, तर ते एफएलच्या कुळातलं आहे. समोरची काच वेगळी आणि मागचा भाग उजवीकडे उघडणारा असेल, तर बहुधा एम किंवा बिस. मग पाठीचा कणा बघा: बिसचा जाड, फुगीर असतो. दोन्हींचा बाजूने घेतलेला फोटो टाका, आणि वडील कारखान्यात कुठल्या काळात होते तेही लिहा. त्यावरून त्यांच्या हातून गेलेल्या प्रकाराशी हा किट जुळतो का ते बघू आणि रंग ठरवू. तोवर स्पिटफायर मागवून ठेवा.