बंदरोबंदरीच्या सफरीची तयारी

प्रश्न : निवृत्तीनंतर आम्ही उभयता मोंबासा, सुएझ, ग्रीस व इस्तंबूल अशा दीर्घ जलसफरीस निघणार आहोत. कोणती काळजी घ्यावी? – एक वाचक, फोंडा

उत्तर : मोंबासानंतरच्या बंदरांवर पीतज्वराच्या लशीचा दाखला मागितला जाऊ शकतो व तो लस टोचल्यानंतर १० दिवसांनीच ग्राह्य ठरतो, मात्र साठी उलटलेल्यांनी ही लस डॉक्टरांच्या सल्ल्यानेच घ्यावी. जहाज इस्तंबूलहून पुन्हा ग्रीसला येणार असेल, तर शेंगेन व्हिसा (ग्रीससह युरोपातील अनेक देशांचा सामायिक व्हिसा; तुर्कस्तान त्यात येत नाही) एकाहून अधिक प्रवेशांचा हवा, आणि एजंट हे आपणहून सांगेलच असे नाही. खोली जहाजाच्या मध्यभागी, खालच्या मजल्यावर घ्यावी, कारण तेथे हेलकावे कमी जाणवतात. मांडवी नदीतील फेरीबोटीच्या सवयीवर विसंबू नये.