वाचकांचे प्रश्न: स्पर्धा 'वारसा' कधी होते?

प्रश्न: आमचं मंडळ खूप वर्षांपासून एक शर्यत भरवतं. आता सगळे म्हणतायत की हिला वारसा म्हणून मान्यता मिळवूया. पण त्यासाठी स्पर्धा किती जुनी लागते, शंभर वर्षं तरी हवीतच ना?

उत्तर: नाही हो, असं काही नाहीये. युनेस्कोचा अमूर्त सांस्कृतिक वारशाचा 2003 चा करार आहे, त्यात वर्षांची अटच नाही, ज्यांची परंपरा आहे ती माणसं स्वतः तिला आपला वारसा मानतात का आणि ती एका पिढीकडून पुढच्या पिढीकडे जातेय का, हे बघतात. आणि मला हेच बरोबर वाटतं.

दक्षिण आफ्रिकेतली कॉम्रेड्स मॅरेथॉन बघा. पहिल्या महायुद्धातून परत आलेला विक क्लॅपहॅम नावाचा सैनिक होता, युद्धात गेलेल्या सोबत्यांच्या आठवणीसाठी त्याने 1921 मध्ये ही शर्यत सुरू केली, पहिल्या वर्षी फक्त 34 जण धावले, डर्बन ते पीटरमॅरिट्झबर्ग हे जवळपास 90 किलोमीटरचं अंतर, आणि दिशा आलटून पालटून, म्हणजे कधी चढाची शर्यत तर कधी उताराची. मग 1948 ला मॅक्स ट्रिंबॉर्न नावाच्या धावपटूने स्टार्टलाच कोंबड्यासारखी बांग दिली, लोकांना ती एवढी आवडली की पुढच्या वर्षी पण दे म्हणाले, आज तो नाहीये पण त्याच्या बांगेचं रेकॉर्डिंग अजून स्टार्टला वाजवतात. जो 10 वेळा शर्यत पूर्ण करतो त्याचा नंबर कायमचा त्याचा होतो, हिरवा नंबर म्हणतात त्याला. आणि फिनिशला वेळ संपल्याची बंदूक उडवणारा माणूस धावत येणाऱ्यांकडे पाठ करून उभा असतो, कोण अगदी दोन पावलांवर राहिलंय ते त्याला दिसूच नये म्हणून!

हे वाचून माझ्या अंगावर काटा येतो. अशा छोट्या छोट्या गोष्टी लोक दरवर्षी न चुकता करत राहतात ना, त्यातूनच शर्यत त्यांची होते. तुमच्या शर्यतीत असं काय आहे जे नसेल तर लोक "यंदा मजा नाही" म्हणतील, ते आधी शोधा.

प्रश्न: आम्हाला मुलींना पण घ्यायचंय आणि वेळेचा नियम बदलायचाय. जुनी मंडळी म्हणतात मग परंपरा कसली राहिली?

उत्तर: बिनधास्त घ्या मुलींना. कॉम्रेड्समध्ये 1923 ला फ्रान्सिस हेवर्डची एंट्री नाकारली होती, तरी ती धावली आणि शर्यत पूर्ण केली, पण बायकांना आणि कृष्णवर्णीय धावपटूंना अधिकृत प्रवेश मिळायला 1975 उजाडलं. त्याने शर्यतीचं काही बिघडलं का? उलट आज तिचा इतिहास सांगताना फ्रान्सिसचं नाव घ्यावंच लागतं.

वेळेचं म्हणाल तर तुर्कस्तानातली किर्कपिनारची कुस्ती बघा, पैलवान चामड्याची तुमान घालून अंगाला तेल चोपडून लढतात. तिथे आधी वेळेची मर्यादाच नव्हती, कुस्ती लांबायची ती लांबायचीच, 1975 मध्ये मर्यादा आली. त्याच्या आधी मूळ जागा सीमेपलीकडे ग्रीसमध्ये गेली म्हणून अख्खा आखाडाच तुर्कस्तानातल्या एदिर्ने शहराजवळ हलवला होता. जागा बदलली, नियम बदलला, तरी 2010 मध्ये युनेस्कोच्या यादीत नाव आलंच. तेल आणि ढोल-सनई मात्र सोडली नाही कोणी.

प्रश्न: एकदा वारसा म्हणून मान्यता मिळाली की विरोध करणारे गप्प बसतील का?

उत्तर: नाही बसणार, आणि बसूही नये. स्पेनमध्ये कॅटलोनिया या प्रांताने 2010 ला बैलझुंजीवर बंदी घातली, 2013 मध्ये देशाच्या कायद्याने बैलझुंजीला सांस्कृतिक वारसा ठरवलं, 2016 मध्ये कोर्टाने ती बंदी रद्द केली, पण वाद काही मिटला नाही. जनावराला त्रास होत असेल तर "वारसा आहे" हे त्याचं उत्तर होत नाही, असं माझं स्पष्ट मत आहे.

प्रश्न: मग अर्ज कुठे करायचा? आणि आत्ता लगेच काय करता येईल?

उत्तर: युनेस्कोकडे मंडळ थेट अर्ज करू शकत नाही, नाव देश पाठवतो आणि त्याला त्या समाजाची संमती लागते. तिथपर्यंत पोचायला वेळ लागतो, म्हणून आत्ता कागदं जमवा. जुनी हँडबिलं, ड्रॉचे तक्ते, निकालाच्या वह्या, सगळं स्कॅन करा, प्रत्येक फोटोच्या मागे पेन्सिलने नावं आणि साल लिहा. इंग्लंडमधल्या अ‍ॅशबोर्नला अख्खं गाव दोन बाजूंना वाटून दोन दिवस फुटबॉल खेळतं, गोल एकमेकांपासून जवळपास 3 मैलांवर, पण 1890 च्या दशकात आगीत जुने कागद जळाले आणि तो खेळ नक्की कधी सुरू झाला हे आता कोणालाच खात्रीने सांगता येत नाही. आणि फक्त जिंकणाऱ्यांच्या मुलाखती घेऊ नका, फक्कीने रेषा आखणारे, पाणी वाटणारे, माइकवर पुकारा करणारे यांना पण बोलतं करा, मोबाईलवर रेकॉर्ड केलं तरी चालेल पण फाईलच्या दोन कॉप्या दोन वेगळ्या घरात ठेवा.