लंडनची पदवी, उचगावचे घर आणि उचल

प्रश्न : मी ५३ वर्षांचा असून एका सहकारी साखर कारखान्याच्या लेखा विभागात नोकरीस आहे. हातात दरमहा ४८ हजार पडतात आणि साठाव्या वर्षी निवृत्त होईन. मुलगी कोल्हापुरातच अर्थशास्त्र घेऊन बी. ए. झाली. तिला सप्टेंबर २०२६ साठी लंडनच्या एका विद्यापीठात डेव्हलपमेंट इकॉनॉमिक्सच्या एक वर्षाच्या एम. एस्सी.ला प्रवेश मिळाला आहे. फी २४,५०० पौंड आहे. लंडनबाहेरच्या दुसऱ्या एका विद्यापीठाने डेव्हलपमेंट स्टडीजसाठी फीत थोडी सवलत देऊ केली आहे. मी एकूण ४२ लाख खर्च धरला आहे : उचगावचे घर तारण ठेवून ३० लाखांचे मॉर्टगेज लोन, पतसंस्थेतील ठेव ९ लाख आणि भविष्य निर्वाह निधीतून ३ लाख. नदीकाठी ३० गुंठे ऊस आहे. धाकटा मुलगा दहावीत आहे. पुढे जावे का?

उत्तर : आपण आकडे लपवलेले नाहीत, म्हणून मीही स्पष्ट लिहितो. या वर्षी, या रचनेने, घर तारण ठेवून मुलीला लंडनला पाठवू नये असे माझे मत आहे. हा नकार विषयाला नाही आणि परदेशालाही नाही. तो क्रमाला आहे. आधी भारतात पदव्युत्तर शिक्षण, मग दोन वर्षे नोकरी आणि त्यानंतर शिष्यवृत्तीसह परदेश हा क्रम आपल्या कुटुंबाला पेलेल. आज आखलेला क्रम पेलेल असे मला वाटत नाही.

प्रथम खर्चाचा आकडा दुरुस्त करू. लंडनमध्ये शिकण्याच्या व्हिसासाठी राहण्याजेवण्याचे दरमहा १,५२९ पौंड याप्रमाणे नऊ महिन्यांचे पैसे खात्यात दाखवावे लागतात आणि ते किमान २८ दिवस खात्यातून हलता कामा नयेत. आपला ४२ लाखांचा हिशोब बहुधा याच नऊ महिन्यांवर आणि जुन्या विनिमय दरावर बेतलेला आहे. अभ्यासक्रम मात्र बारा महिन्यांचा असतो, कारण उन्हाळ्यात प्रबंध लिहायचा असतो. बारा महिन्यांचा खर्च आणि फी मिळून ४२,८४८ पौंड होतात. पौंड १२० रुपये धरला तर हे ५१ लाख ४० हजारांच्या वर जाते. त्यात वर्षाला ७७६ पौंडांच्या दराने लागणारा आरोग्य अधिभार, व्हिसा शुल्क आणि विमानभाडे मिळवले की ५४ लाखांच्या खाली हे प्रकरण आटोपत नाही. पौंड पाच रुपयांनी वधारला तर आणखी दोन लाख वाढतील. सत्र चालू असताना आठवड्याला वीस तास काम करण्याची मुभा असते हे खरे, परंतु व्हिसासाठी ती कमाई धरली जात नाही, आणि ज्या मुलीला पहिल्या दोन महिन्यांत गणित व अर्थमिती (आकडेवारीवरून आर्थिक संबंध मोजण्याचे शास्त्र) यांची कसर भरून काढायची आहे तिच्या वेळेवर मी तरी ही वसुली लावणार नाही.

म्हणजे तूट बारा लाखांची आहे आणि ती कोठून भरणार हे आपल्या पत्रात लिहिलेले नसले तरी उघड आहे : ३० गुंठे. शेतजमिनीला सरफेसी कायदा (थकीत कर्जासाठी बँकेला तारण ताब्यात घेऊ देणारा कायदा) लागू होत नसल्यामुळे बँका शैक्षणिक कर्जासाठी ती तारण म्हणून सहसा घेत नाहीत, त्यामुळे ती विकावीच लागेल. २०१९ आणि २०२१ च्या महापुरांनंतर नदीकाठच्या जमिनीचा गिऱ्हाईक सातबारा पाहण्याआधी निळी पूररेषा कोठून जाते ते विचारतो. घाईने विकणाऱ्याला अशा वेळी जो भाव सांगितला जातो, तो आपण गावात ऐकला असेलच.

आता कर्जाच्या प्रकाराकडे येतो, कारण येथे आपण सोयीचा, पण महाग रस्ता धरला आहे. घर तारण ठेवून घेतलेले मॉर्टगेज लोन आणि घर तारण ठेवून घेतलेले शैक्षणिक कर्ज या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, जरी दोन्हींत कागद तेच जातात. शैक्षणिक कर्जाला अभ्यासक्रम संपून पुढे सहा महिने ते वर्षभर हप्ता सुरू होत नाही. मॉर्टगेज लोनचा हप्ता पुढच्याच महिन्यात सुरू होतो. शैक्षणिक कर्जाच्या व्याजावर जुन्या कररचनेत आठ वर्षे, रकमेची कमाल मर्यादा नसलेली वजावट मिळते, ती मॉर्टगेज लोनला मिळत नाही. वर्षाला दहा लाखांहून अधिक रक्कम शिक्षणासाठी बाहेर पाठवताना बँक जो कर आगाऊ कापते तोही मान्यताप्राप्त वित्तसंस्थेच्या शैक्षणिक कर्जातून पैसे गेल्यास कापला जात नाही. काही सरकारी बँका मुलींना व्याजात अर्धा टक्का सवलतही देतात. तेव्हा पुढेमागे कर्ज काढायचेच झाले तर ते शैक्षणिक कर्जच असावे, मंजुरीला तीन आठवडे अधिक लागले तरी.

तरीही मूळ प्रश्न हप्त्याचाच राहतो. ३० लाख, साडेदहा टक्के व्याज, आणि दीड वर्षाचे थकलेले व्याज मुद्दलात मिळवून सुमारे ३४ लाख ७० हजार. दहा वर्षांत फेडायचे तर हप्ता साधारण ४६,८०० रुपये. पंधरा वर्षांत फेडायचे तर ३८,४०० रुपये, आणि तेव्हा शेवटच्या हप्त्याला आपण सत्तरीत असाल. आपल्या हातात पडणारी रक्कम ४८ हजार आहे. निवृत्तीनंतर कर्मचारी निवृत्तिवेतन योजनेतून, १५ हजारांच्या वेतनमर्यादेवर अंशदान असेल तर, पस्तीस वर्षांच्या सेवेलाही महिना साडेसात हजारच मिळतात. भविष्य निर्वाह निधी हीच आपली खरी पेन्शन आहे, म्हणून त्यातले तीन लाख काढण्याचा विचार मी सर्वांत आधी खोडला.

आपण लेखा विभागात आहात म्हणून आपल्याच वहीतले उदाहरण घेतो. ऊसतोडीच्या टोळीला हंगामापूर्वी मुकादमामार्फत उचल दिली जाते आणि हंगामभर ती कामातून फेडली जाते. कोयत्याची, म्हणजे तोडणी करणाऱ्या नवरा-बायकोच्या जोडीची, तोड अपेक्षेइतकी झाली तर खाते मिटते. पाऊस लांबला, माणूस आजारी पडला, तर बाकी पुढच्या हंगामावर चढते आणि त्या जोडप्याला पुढच्या वर्षी कोठे जायचे ते ठरवण्याची मोकळीक राहत नाही. मोठे शैक्षणिक कर्ज हीदेखील उचलच आहे. फरक एवढाच की येथे सहकर्जदार म्हणून सही आपली असेल. (विकासाचे अर्थशास्त्र शिकू पाहणाऱ्या मुलीने पहिला लघुप्रबंध याच उचलीवर लिहावा असे मला मनापासून वाटते, तिच्या वडिलांइतकी त्या वहीची माहिती लंडनच्या ग्रंथालयात मिळणार नाही.)

आता दुसरी बाजूही प्रामाणिकपणे मांडायला हवी. मुलीला तेथेच नोकरी मिळाली तर हे कर्ज अजिबात भारी नाही. स्किल्ड वर्कर व्हिसासाठी (तेथे नोकरी करण्याच्या व्हिसासाठी) नव्याने नोकरीला लागणाऱ्यांना जी किमान ३३,४०० पौंडांची पगारमर्यादा आहे, त्या पगारात कर आणि राष्ट्रीय विमा वजा जाता महिना सुमारे २,३०० पौंड हातात येतात आणि आपला हप्ता त्यातले ३९० पौंड घेईल. शंका हप्त्याबद्दल नाही, त्या नोकरीबद्दल आहे. पदवीनंतर तेथे थांबून काम शोधण्याची मुदत आजवर दोन वर्षे होती. १ जानेवारी २०२७ पासून अर्ज करणाऱ्यांसाठी ती अठरा महिन्यांवर येते, आणि आपली मुलगी नेमकी त्याच तुकडीत असेल. त्यातून ज्या क्षेत्रात ती नोकरी शोधणार ते क्षेत्र सध्या आकुंचन पावत आहे. परदेशांना मदत देणारी अमेरिकेची यूएसएआयडी ही सरकारी संस्था जुलै २०२५ मध्ये गुंडाळली गेली, आणि ब्रिटनने आपली परदेशी मदत राष्ट्रीय उत्पन्नाच्या ०.५ टक्क्यांवरून २०२७ पर्यंत ०.३ टक्क्यांवर आणण्याचे जाहीर केले आहे. या पैशावर चालणाऱ्या संशोधन संस्था, सल्लागार कंपन्या आणि स्वयंसेवी संस्था यांच्याकडे नवी भरती कमी असताना, अनुभवी माणसे मात्र बाजारात पुष्कळ आहेत. ती भारतात परतली आणि एखाद्या सर्वेक्षण प्रकल्पावर संशोधन सहायक म्हणून तिला महिना ५० हजार मिळाले असे धरून चाललो, तर ४६,८०० रुपयांचा हप्ता कोण भरणार हे वेगळे सांगायला नको.

फीसवलत असलेला डेव्हलपमेंट स्टडीजचा पर्याय मी तर थेट बाजूला ठेवीन. नावे सारखी वाटली तरी ते दोन रस्ते आहेत. डेव्हलपमेंट इकॉनॉमिक्समध्ये सूक्ष्म व स्थूल अर्थशास्त्र, अर्थमिती आणि घरोघरच्या सर्वेक्षणांच्या आकडेवारीवर काम करणे हा गाभा असतो. अभिजित बॅनर्जी, एस्तेर डुफ्लो आणि मायकेल क्रेमर यांना २०१९ चे नोबेल ज्या क्षेत्रप्रयोगांसाठी मिळाले ते याच शाखेतले. डेव्हलपमेंट स्टडीज राज्यशास्त्र, समाजशास्त्र, धोरण यांच्या अंगाने जाते. अभ्यास म्हणून ते कमी प्रतीचे नाही. परंतु केंद्रीय लोकसेवा आयोगाच्या भारतीय आर्थिक सेवेच्या परीक्षेसाठी अर्थशास्त्र, उपयोजित अर्थशास्त्र, व्यावसायिक अर्थशास्त्र किंवा अर्थमिती यांतील पदव्युत्तर पदवी लागते. परतल्यावर उपयोगी पडणारे सर्वांत भक्कम दार बंद करणारी सवलत ही सवलत नव्हे. डेव्हलपमेंट इकॉनॉमिक्स असे नाव छापलेली पदवी त्या यादीत कशी धरली जाईल, हेही पैसे भरण्याआधी आयोगाच्या जाहिरातीशी ताडून पाहावे.

भारतातला रस्ता दुय्यम आहे अशी आपली समजूत पत्रातून डोकावते. ती मला मान्य नाही. पुण्याची गोखले अर्थशास्त्र संस्था १९३० पासून आहे, वि. म. दांडेकर आणि नीळकंठ रथ यांचा भारतातील दारिद्र्यावरचा अभ्यास तेथूनच १९७१ मध्ये आला. मुंबईत गोरेगावला रिझर्व्ह बँकेने १९८७ मध्ये स्थापन केलेली इंदिरा गांधी विकास संशोधन संस्था आहे, तिरुवनंतपुरमला के. एन. राज यांनी उभारलेले सेंटर फॉर डेव्हलपमेंट स्टडीज आहे (नाव तसे असले तरी तेथे अर्थशास्त्रच शिकवतात), दिल्ली स्कूल ऑफ इकॉनॉमिक्स आहे. या संस्थांच्या प्रवेशासाठी गणिताची तयारी लागते आणि बी. ए. झालेल्या मुलीला ती वर्षभर नेटाने करावी लागेल. फी, वसतिगृह, जेवण धरून पुण्यातल्या दोन वर्षांसाठी मी सहा लाखांचे नियोजन करतो. त्यातले पाच लाख कर्जाने घेतले आणि व्याज मिळून ते सहा लाख झाले, तरी सात वर्षांचा हप्ता दहा हजारांच्या आसपास राहतो, आणि तो मुलगी स्वतः भरू शकते. कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न आठ लाखांच्या आत असेल आणि निवडलेली संस्था पीएम विद्यालक्ष्मी योजनेच्या यादीत असेल, तर जामीनदार व तारण न देता कर्ज मिळते आणि दहा लाखांपर्यंतच्या कर्जावर हप्ता सुरू होईपर्यंत व्याजात तीन टक्के अनुदान मिळू शकते. घर मोकळे राहते. दोन वर्षांनी धाकट्याचे बारावीनंतरचे काय ते ठरवताना आपल्या हातात काही असेल.

त्यानंतरच्या दोन वर्षांच्या नोकरीला मी एवढे महत्त्व देतो त्याचे कारण पगार नाही. ब्रिटिश सरकारची चेव्हनिंग शिष्यवृत्ती फी आणि राहण्याचा खर्च दोन्ही देते, पण तिला दोन वर्षांचा, म्हणजे २,८०० तासांचा, कामाचा अनुभव लागतो आणि परतून दोन वर्षे मायदेशी राहावे लागते. आज आपली मुलगी तिला पात्रच नाही. राज्य शासनाच्या योजनाही पाहाव्यात : अनुसूचित जातींसाठी राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती, मराठा-कुणबी विद्यार्थ्यांसाठी सारथीची परदेश शिष्यवृत्ती. आपल्याला कोणती लागू पडते ते पत्रात नाही, म्हणून नियम लिहीत नाही. आधी कमवून मग जाण्याचा क्रम आपल्या कोल्हापुराला परकाही नाही. शिष्यवृत्तीची मुदत संपल्यामुळे डॉ. आंबेडकरांना १९१७ मध्ये लंडनचे शिक्षण अर्धे सोडून परतावे लागले होते. सिडनहॅम महाविद्यालयात शिकवून साठवलेले पैसे, मित्राचे कर्ज आणि आपल्या शाहू महाराजांची मदत यांच्या बळावर ते १९२० मध्ये पुन्हा गेले आणि १९२३ मध्ये त्यांना अर्थशास्त्रातील डी. एस्सी. मिळाली.

मुलीशी बोलताना 'पैसे नाहीत' असे सांगू नका. तिच्यासमोर दोन कामे ठेवा. अमेरिकेतील एमआयटी या विद्यापीठाचा डेटा, अर्थशास्त्र आणि धोरण-आखणी यांवरचा ऑनलाइन मायक्रोमास्टर्स अभ्यासक्रम आहे. त्याच्या परीक्षेची फी कुटुंबाच्या उत्पन्नानुसार ठरते. त्यातले दोन विषय तिने घरी बसून उत्तीर्ण करावेत. दुसरे, केंद्रीय सांख्यिकी मंत्रालय श्रमबल सर्वेक्षणाची मूळ आकडेवारी विनामूल्य देते. ती उतरवून घेऊन महाराष्ट्राच्या ग्रामीण भागातील स्त्रियांच्या मजुरीचे एक साधे कोष्टक तिने स्वतः तयार करावे. हे करताना ती कंटाळली, तर ५४ लाख वाचले. रात्री बारा वाजेपर्यंत लॅपटॉपसमोरून उठली नाही, तर दोन-तीन वर्षांनी मी स्वतः आपल्याबरोबर बँकेत येईन, आणि तेव्हा घर तारण ठेवण्याचीही माझी तयारी असेल, कारण कर्ज लहान असेल आणि फेडणारी कमावती असेल.

या आठवड्यात करायचे एवढेच. लंडनच्या विद्यापीठाला अनामत भरू नका. प्रवेश एक वर्ष पुढे ढकलता येतो का आणि अनामत परत मिळण्याचे नियम काय आहेत, हे मुलीने ई-मेलने विचारावे आणि उत्तर लेखी घ्यावे. राहिली पतसंस्थेतील नऊ लाखांची ठेव, जिच्याबद्दल आपण काहीच विचारलेले नाही. बँकेतील ठेवींना पाच लाखांपर्यंत जे विमासंरक्षण असते ते पतसंस्थांना नसते. मुदत संपेल त्या दिवशी ती आपोआप नूतनीकरण होऊ न देता काढून घ्या आणि दोन वेगवेगळ्या बँकांत, प्रत्येकी पाच लाखांच्या आत, ठेवा.