तोंडाने ‘बरंय’, चॅटमध्ये ‘आई दाराशी आहे’

“मॅडम, आधीच दिवसभर मोबाईलमध्ये डोकं घालून असते. आता उपचारही मोबाईलवरच? समोर बसल्याशिवाय पोरीच्या मनातलं तुम्हाला कळणार कसं?”

मी मुलांवर मानसोपचार करते, बऱ्याचदा व्हिडिओ कॉलवर, त्यामुळे हा प्रश्न मला नेहमीचाच. सईच्या आईने विचारला तेव्हा मात्र मीही जरा चाचरले. (नाव आणि ओळखीच्या खुणा बदलल्या आहेत.)

सई दहावीत, जुन्नर तालुक्यातली. अकराव्या वर्षी टाइप १ मधुमेह निघाला. यात शरीर इन्सुलिन बनवायचंच जवळपास थांबवतं. मग दिवसातून चार वेळा ते इंजेक्शनच्या पेनने टोचून घ्यायचं, दिवाळी असो की सहामाही. सातच्या आसपास असणारं एचबीए१सी, म्हणजे दोन-तीन महिन्यांच्या साखरेचा गोळाबेरीज हिशोब, साडेदहावर गेलं होतं. घरच्यांच्या मते कारण एकच: आळस. पुण्याला यायचं तर एसटीत अख्खा दिवस जाणार, म्हणून व्हिडिओ कॉल ठरला.

पहिले दोन कॉल वाया गेले. मागे टीव्ही, आणि येताजाता आजीचं “साखर किती आली गं?” तिसऱ्या वेळी सई तोंडाने “हो ताई, बरंय सगळं” म्हणत होती आणि चॅटमध्ये अक्षरं उमटली: “आई दाराशी आहे.”

माझ्या केबिनमध्ये आई बाहेरच्या बाकावर बसली असती आणि हे घर मला दिसलंच नसतं. आईशी बोलून पुढचे कॉल गच्चीच्या जिन्यात ठरवले. तिथे रेंजही बरी होती.

जिन्यात कळलं ते असं. दुपारचं इन्सुलिन ती कित्येक महिने चुकवत होती. शाळेत टोचायला जागा म्हणजे मुलींचं स्वच्छतागृह, आणि एकदा कोणीतरी पेन बघून कुजबुजलं होतं. साखर वाढली की थकवा, थकवा आला की अभ्यास राहतो, मग घरात बोलणी, मग पुन्हा “जाऊ दे ते इंजेक्शन”. नैराश्याच्या प्रश्नावलीत थकवा, भूक, लक्ष न लागणं असे प्रश्न असतात. वाढलेल्या साखरेनेही हेच होतं. त्यामुळे अशा मुलांत मी नुसत्या गुणांच्या बेरजेवर जात नाही. आवडीचं काही उरलंय का, हे आधी बघते. सईने सहा महिन्यांत रांगोळीला हात लावला नव्हता.

प्रश्नावलीतला शेवटचा, नववा प्रश्न मी सरळ विचारला: मरून जावं असं वाटतं का? ती म्हणाली, “कधी कधी.” असं काही निघालं तर घरी सांगणार, हे मी पहिल्याच दिवशी बोलले होते, घरचा पत्ता आणि वडिलांचा नंबरही तेव्हाच घेतला होता. त्याच संध्याकाळी सगळं इन्सुलिन आईच्या ताब्यात गेलं, टोचणं मोठ्यांसमोर सुरू झालं. दोन दिवसांत मनोविकारतज्ज्ञांची प्रत्यक्ष भेट झाली. इथे व्हिडिओवर भिस्त ठेवायची नसते. रात्री-अपरात्रीसाठी टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर फ्रिजवर चिकटवायला सांगितला. तो मोफत आहे, चोवीस तास चालतो.

चूक माझीही झाली. एका कॉलला सई तुटक उत्तरं द्यायला लागली. मला वाटलं, रुसली. मी “राग आलाय का?” वगैरे सुरू केलं. मग तिच्या ओठांवरचा घाम दिसला, फोन धरलेला हात थरथरत होता. “सई, आधी साखर तपास.” ५८! म्हणजे फारच खाली. आईला हाक मारली. तीन चमचे साखर पाण्यातून, पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासणी, ९४. तोवर मी गप्प स्क्रीनसमोर. जरा सावरल्यावर ती म्हणाली, “म्हणजे ताई, तुम्हीपण ‘साखर किती’वाल्याच!”

खरंच होतं. घरातल्यांना मी तेच बंद करायला लावलं होतं. शाळेतून आल्यावर पहिलं वाक्य आकड्याचं नको, एवढंच. आकडा रात्री वहीत. आजीला हे जमायला महिना लागला. आमच्यातही ठरलं की कॉलआधी तिने तपासायचं आणि ठीक असेल तर नुसता अंगठा दाखवायचा. शाळेत मुख्याध्यापिकांनी ऑफिसमागची खोली दिली.

गेल्या वेळी एचबीए१सी ८.९ होतं. अजून बरंच खाली यायचंय. आईला मोबाईलवरचा उपचार आजही फारसा पटलेला नाही. पण कॉल चालू असताना ती जिन्याच्या पहिल्या पायरीवर भाजी निवडत बसते आणि आजीला वर जाऊ देत नाही.