तुकोबांनी भावाची खते बुडवली नव्हती

ताई,

2011 मध्ये वडील गेल्यावर महिन्याभरात भावाने तुम्हाला दुय्यम निबंधक कार्यालयात नेले, "माहेर तुटू द्यायचे नसेल तर एवढे कर" म्हणत वडिलोपार्जित शेतीच्या हक्कसोडपत्रावर सही घेतली, आणि पुढे भाऊबिजेचे बोलावणेही बंद झाले. त्या दस्ताची झेरॉक्स तुम्ही पोथीच्या कापडात ठेवली आहे. रोज पाठाला बसताना ती हाताला लागते आणि मन निवळत नाही, म्हणून ती जाळून टाकू का, असे तुम्ही विचारता.

जाळू नका, निदान आत्ता तरी नको. "सोडून द्या, त्याशिवाय अध्यात्मात प्रगती नाही" असे सांगणाऱ्या सत्संगातल्या मंडळींपैकी किती जणांनी स्वतःच्या सातबाऱ्यावरचे नाव सोडले आहे, हे मला जाणून घ्यायला आवडेल.

परंपरा सांगते की तुकोबांनी सावकारीची कर्जखते इंद्रायणीत बुडवली. पण त्याआधी त्यांनी धाकट्या कान्होबांचा निम्मा वाटा वेगळा काढून दिला होता, हे सांगायचे बहुधा राहून जाते. आधी वाटणी झाली आणि मग, जे निर्विवाद आपले होते तेवढेच, त्यांनी सोडले. तुमच्या बाबतीत वाटणी झालीच नाही. हिंदू वारसा कायद्यातल्या 2005 च्या दुरुस्तीने वडिलोपार्जित मिळकतीत मुलीला मुलाइतकाच हक्क दिलेला होता, आणि म्हणूनच तर भावाला तुमची सही लागली.

कागद एकदा दिवाणी वकिलाला दाखवा. दस्त नोंदणीकृत आहे, आणि फसवणूक लक्षात आल्यापासून दाव्याला 3 वर्षांचीच मुदत असते, त्यामुळे "उशीर झाला" असेच उत्तर मिळण्याचा संभव अधिक आहे. ते ऐकणे जड जाईल. तरीही ते ऐकाच, कारण "कदाचित मिळेल" या आशेनेच ही जखम इतकी वर्षे ओली राहिली आहे, असे मला तुमच्या पत्रावरून वाटते.

अशा दस्तात "राजीखुशीने व अक्कलहुशारीने" असे शब्द हमखास असतात, आणि तुम्हाला सलते आहे ते जमिनीपेक्षा त्या शब्दांखालची आपली सही. भावाला हे तुम्ही आजवर कधीच बोलून दाखवलेले नाही. "ती सही राजीखुशीची नव्हती" एवढे एकच वाक्य त्यांना पत्राने कळवा, मागणी काहीही करू नका, आणि उत्तर न आल्यास पुन्हा लिहू नका.

झेरॉक्स मात्र आजच पोथीतून काढा आणि घरपट्टीच्या पावत्यांच्या फायलीत लावून टाका.