नववीतल्या मुलीला स्वतःच्या मनाने निबंध लिहायला कसं शिकवावं? कुठला क्लास लावू?

तुम्ही लिहिलंय की मुलगी गाईडमधले निबंध घडाघडा म्हणते, पण विषय जरा फिरवून आला की पेन चावत बसते. क्लास लावू नका. तिथे दुसरं गाईड मिळेल, फी भरून.

मी सांगलीत मराठी शिकवतो. ऑगस्ट 2019 मध्ये आयर्विन पुलापाशी कृष्णेचं पाणी 57 फुटांवर गेलं होतं. धोक्याची पातळी 45 आहे, यावरून समजून घ्या. वर्गातल्या कितीतरी पोरांच्या घरात पाणी शिरलेलं. म्हणून सहामाहीला मी मुद्दाम प्रसंगलेखनाला ‘मी अनुभवलेला पूर’ दिला. म्हटलं, यावर तरी कुणाला पाठांतर लागणार नाही. पेपर बघतो तर काय, ‘निसर्गाने रौद्र रूप धारण केले’, ‘होत्याचे नव्हते झाले’ आणि शेवटी झाडून सगळ्यांच्यात ‘माणुसकीचे दर्शन घडले’. ज्या पोराला गच्चीवरून बोटीत उतरवलं होतं, त्यानंही हेच लिहिलं. बोटीचं नावसुद्धा नाही!

एकीनं तेवढं वेगळं लिहिलं. गावभागातली, म्हणजे जुन्या सांगलीतली पोर. आजी सारखी विचारायची, “आयर्विनला किती झाले?” आणि आकडा ऐकला की एकेक वस्तू माळ्यावर चढवायला लावायची. आधी रेशनकार्ड, मग गव्हाचा डबा, मग आजोबांचा फोटो. टीव्ही सगळ्यात शेवटी, कारण तो तसाही बिघडलेला. खाली राहिलेल्या ज्वारीच्या पोत्याचा आंबूस वास दिवाळी आली तरी जात नाही, असं तिनं लिहिलं होतं. ऱ्हस्व-दीर्घाची बोंब होती, पण मी 8 पैकी 7 दिले.

आमच्या एका ज्येष्ठ बाईंनी फेरतपासणीत त्याचे 4 केले. का? सुरुवातीला सुविचार नाही, भाषा अलंकारिक नाही, ‘आंबूस’ वगैरे घरगुती शब्द, आणि शेवटी संदेश नाही. म्हणे, “सर, अशानं बोर्डात मार्क जातील पोरीचे.” यावरून स्टाफरूममध्ये आमचं जे वाजलं, ते अजून मिटलेलं नाही. पोरांना कल्पना सुचत नाहीत हे साफ खोटं आहे. डोळ्यांनी बघितलेलं लिहिलं की आपणच मार्क कापतो, मग ती शहाणी होतात आणि गाईड उघडतात.

तर मुलीला विषय छोटे द्या. ‘माझी आई’ नको, ‘काल घरात कोण कुणावर चिडलं’ हे दहा ओळींत लिहू दे. वाचून झालं की फक्त प्रश्न विचारा: मग? ती काय म्हणाली? तेव्हा तू कुठं उभी होतीस? लाल पेन पहिले काही आठवडे कपाटात राहू दे. फळ्याचं आत्मकथन असेल तर तिच्याच वर्गातला फळा घ्यायला सांगा: कुठल्या कोपऱ्यात खडू उमटत नाही, ‘बोलणाऱ्या मुलांची नावे’मध्ये रोज कुणाचं नाव असतं. वैचारिक लेखनासाठी जेवताना तिच्याशी भांडा. मोबाईल या विषयावर ती जी बाजू घेईल तिच्या उलट तुम्ही बोला, आणि ताट उचललं की तिला कागद द्या.

आता एक राहिलंच. दहावीच्या 80 गुणांच्या मराठीच्या पेपरात उपयोजित लेखन 24 चं आहे, त्यात हा निबंध 8 चा. पत्र, बातमी, जाहिरात यांचा साचा ठरलेला असतो, तो मुकाट्यानं पाठ करायचा, तिथे प्रतिभा दाखवायची नाही. शुद्धलेखनही कधीतरी सुधारावं लागेलच. आणि मुलगी दहावीत असून परीक्षा दोन महिन्यांवर आली असती, तर मीही म्हटलं असतं, घोका.

मार्क जातात का? बोर्डाचे पेपर मीही तपासलेत. गठ्ठ्यात विसाव्यांदा ‘आई म्हणजे वात्सल्याचा झरा’ आलं की हात आपोआप 5 वर थांबतो. स्वतःचं लिहिलेल्या पोरांना मी सढळ हातानं दिले, आणि सुविचार का नाही म्हणून मॉडरेटरकडून, म्हणजे आम्ही तपासलेले पेपर पुन्हा बघणाऱ्याकडून, एकही पेपर परत आला नाही. हे मी बाईंनाही सांगितलं. तर म्हणाल्या, “तुमचा मॉडरेटर ढिला असेल.”