मावशी, तिकीट घेऊ का?

"मावशी, आमच्या गल्लीतली नाली दोन वर्षं तुंबून होती. झोन ऑफिसात चकरा मारमारून मी ती उपसून घेतली, झाकण मात्र अजून बसायचं आहे. आता एका पक्षाचे लोक महापालिकेच्या तिकिटासाठी मागं लागून राहिले. नवरा म्हणतो, दर रविवारी चर्चमध्ये मिस्सेला जाणाऱ्या बाईनं त्या घाणीत पडू नये. फादरना विचारलं, तर 'तुझं तूच ठरव' म्हणाले. भूमिपूजनात नारळ फोडावा लागेल तो वेगळाच. आणि पक्षवाले म्हणतात, चर्चची मतं तेवढी आणा. काय करू?"
– एक भगिनी, सदर, नागपूर

बाई, फादरनी हात झटकले असं तुला वाटलं असेल. मला ते बरोबर वाटतं. सत्तेची पदं घ्यायला चर्चचा कायदा धर्मगुरूंना मनाई करतो. ते काम तुझ्यामाझ्यासारख्यांचं. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनं, म्हणजे जगभरच्या कॅथलिक बिशपांच्या सभेनं, 1965 मध्ये हेही सांगून ठेवलंय की प्रत्येक प्रश्नाचं तयार उत्तर पाळकांकडे असेल असं प्रापंचिकांनी समजू नये. रविवारची श्रद्धा आणि सोमवारचं काम यांची फारकत ही त्याच परिषदेनं आपल्या काळातली गंभीर चूक मानली. हे नवऱ्याला वाचून दाखव. आणि नाली उपसताना घाणीचं त्याला काही वाटलं नव्हतं का, तेही विचार!

नारळाचं फार मनावर घेऊ नकोस. वॉर्डातल्या एखाद्या आजीच्या हाती दे, तू शेजारी उभी राहा. कारण विचारलं तर सरळ सांग. नागपूरचे लोक एवढं समजून घेतात.

मला खटकली ती 'चर्चची मतं'. पॅरिशमधली माणसं म्हणजे काही तुझ्या पदराला बांधलेला गठ्ठा नव्हे. मिस्सा सुटल्यावर दारात उभं राहून 'आपला माणूस' म्हणत हात जोडलेस, तर मागच्या बाकावर बसणारी मी तरी तुला मत देणार नाही. आपल्या मताला चर्चचा शिक्का मारू नये, हेही त्याच परिषदेचं सांगणं. संविधानाच्या 25 व्या अनुच्छेदात धर्माचरणाच्या आधी सद्सद्विवेकबुद्धीचं स्वातंत्र्य येतं. ते तुला आहे तसं शेजारच्या बाकावरच्या डिसोझाकाकूंनाही आहे. त्यांनी तुला पाडलं तरी.

खरी कसोटी निवडून आल्यावर लागते. नगरसेवकालाही पक्षाचा व्हिप, म्हणजे मत कसं द्यायचं याचा आदेश, लागू असतो. राज्याच्या 1986 च्या कायद्याप्रमाणे तो मोडला तर पद जाऊ शकतं. रोजची कामं पाण्याची, रस्त्याची. तिथं मन फारसं अडणार नाही. पण एखाद्या दिवशी वस्ती उठवायचा ठराव येईल, माणसांना पर्यायी जागा न देता. तेव्हा व्हिप पाळशील की मनाचं ऐकशील? थॉमस मोर इंग्लंडचा चॅन्सेलर, म्हणजे राजाचा बडा मंत्री होता. राजाशी पटेना तेव्हा 1532 मध्ये पद सोडलं, 1535 मध्ये डोकं गेलं. पोप जॉन पॉल दुसरे यांनी 2000 मध्ये त्यालाच राजकारण्यांचा आश्रयदाता संत ठरवलं. तुझं डोकं कुणी मागणार नाही, खुर्ची मागतील. कोणत्या दोन-तीन गोष्टींसाठी ती सोडशील, ते आजच वहीत लिही आणि पक्षवाल्यांना वाचून दाखव. ऐकून त्यांनी तिकीट मागं घेतलं, तर तुझा प्रश्न तिथंच मिटला. नाही घेतलं, तर भर अर्ज.

आणि झाकणाचं बघ गं, पावसाळ्याआधी.